ओठांचे मासे

चांगुणे,

दुसरं कोणी सांगायच्या आधी मीच सांगतो. तुला अग्नी दिला तेव्हा मी स्मशानात मासे विकले. रेवदंडाभर तेच चाललंय. म्हातारा फिरला, बायको जळत होती आणि हा बोंबील विकत होता. लोक बोलतात ते खोटं नाही. पण लोकांना अर्धंच ठाऊक. उरलेलं तुला ठाऊक आणि मला, आणि त्यातलंही थोडं असं आहे जे मी तुला सात वर्षांत सांगितलं नाही. आज बारावा दिवस. उद्या तेरावं झालं की सुनंदा पनवेलला जाईल, लेक असली तरी तिलाही तिचा संसार आहे. त्याआधी लिहून टाकतो. चौथीची शाळा माझी, जमेल तसं वाच.

तू जन्मात मला एकच काम असं सांगितलंस, ज्याला ना होडी लागत होती ना जाळं. नुसतं तोंड लागत होतं. आणि मी नाही म्हणालो.

ती वैशाखातली सकाळ. तू चहा प्यायला बसलीस आणि चहा डाव्या कोपऱ्यातून गळून लुगड्यावर पडला. मी म्हटलं, "म्हातारी झालीस गो, चहा धरवत न्हाय." तू हसायला गेलीस आणि माझ्या हातातला कप तिथेच राहिला. अर्धं तोंड हसत होतं. दुसरं अर्धं हललंच नाही. डावा डोळा उघडाच, मिटायला सांगितलं तर बुबुळ वर जायचं पण पापणी जागची हलायची नाही. शेजारी जमले. कोण म्हणालं वारं लागलं, कोण म्हणालं लकवा. अलिबागपर्यंत रिक्षात तू माझा हात धरला होतास की मी तुझा, ते आता आठवत नाही.

डॉक्टर म्हणाला, "आजी, कपाळाला आठ्या पाडा."

तू म्हणालीस, "या मानसाशी लगीन केल्यापासनं तेच करते."

अर्धे शब्द सांडले, पण डॉक्टरला कळलं आणि तो हसला. उजव्या कपाळावर आठ्या पडल्या. डावं कपाळ लग्नाच्या दिवशी होतं तसं गुळगुळीत. डॉक्टर म्हणाला, हे बरं झालं, मेंदूतला झटका असता तर बहुतेक कपाळ वाचलं असतं आणि खालचं तोंड गेलं असतं. ही नुसती चेहऱ्याची नस सुजली आहे. मग त्याने आपला पंजा माझ्याच गालावर ठेवला, मनगट कानाखाली आणि बोटं पसरलेली. नस कानामागून निघते, म्हणाला, आणि अशी पाच ठिकाणी फुटते. एक कपाळाला, एक डोळ्याला, एक गालाला, एक ओठांना, एक हनुवटीला. मी जन्मभर जाळी विणली, मला एकदम कळलं. एक दोर, पाच फाटे. दोर मुळाशी दाबला गेला की पाचही फाटे मेले. बाकीचे दोर वेगळे. चावायचा वेगळा, जिभेचा वेगळा. म्हणून तू चावत होतीस, जीभ चालत होती, पण घास डाव्या गालात अडकला की बोट घालून काढावा लागायचा. आणि डाव्या कानाला सगळं मोठं ऐकू यायचं. मी साधं बोललो तरी तू म्हणायचीस, "वरडू नका." तेवढी मात्र मी नसेचीच चूक धरली, माझी नाही.

गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचं औषध दिलं, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितली. येईल म्हणाला हळूहळू. किती येईल ते सांगता येत नाही.

घरी आलो आणि तू पाटीपुढे बसून माशांची नावं घ्यायला लागलीस. मला वाटलं डोकंही गेलं. पण तू धंद्याचा हिशेब बघत होतीस. पापलेट म्हणायला गेलीस, तर ओठ मिटेनात, वारा डाव्या कोपऱ्यातून निसटला आणि 'हाहलेट' झालं. बोंबीलचं 'ओंईल' झालं. मांदेली, बांगडा, सुरमई, कोलंबी, सगळ्यांना कुठे ना कुठे ओठ लागतात. तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. साठ वर्षं मी मासे धरले, कोणता मासा ओठांचा आणि कोणता जिभेचा ते तुझं तोंड वाकडं झाल्यावर कळलं. जिभेचे थोडेच निघाले. जिताडा. करली. शिंगाळा. तिसऱ्या. तुझं स्वतःचं नाव जिभेचं, चांगुणा. माझं ओठांचं, पण ते तू कधी घेतच नव्हतीस, म्हणून त्याचं काही अडलं नाही.

आणि माझ्या होडीला तेव्हा मिळत होता नुसता बोंबील. घरचाच मासा तुला पुकारता येईना.

तू अख्ख्या बाजारात आवाजाच्या जोरावर बसली होतीस. तुझा 'पा' सुटला की बंदरावर आम्ही म्हणायचो, चांगुणा बसली जाग्यावर. आणि जागा म्हणजे काय ते मला तू शिकवलंस. पाटी ठेवायला चार हात जमीन, सासूकडून सुनेला आलेली, कागद नाही काही नाही. बसतेस तोवर तुझी. शेजारची हौसा वर्षानुवर्षं आपला मासे कापायचा फळा रोज बोटभर तुझ्याकडे सरकवायची आणि तू रोज तो पायाने परत लोटायचीस. आता तू दोन दिवस बसली नाहीस, तर फळा हातभर आला.

तिसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस. बोलणं तेव्हा सांडत होतं, मी इथे सरळ करून लिहितो.

"अवो, तुमी माझ्या बाजूला बसा. मासा मी कापीन, वाटा मी लावीन, भाव मी बोलीन. तुमी निस्ती नावं बोंबला."

मी म्हटलं, "बाप्यानं बाजारात बसून बोंबलायचं?"

"समुद्रावर बोंबलता ना?"

"ते निराळं. उद्या बंदरावर तोंड कुठं दाखवू?"

"माझं दाखवते ना मी, तसं."

तेव्हा मी ते बोललो. जायचं तर तोंड झाकून जा, न्हायतर घरात बस.

माझ्याकडे बघितलंस. उजव्या डोळ्यात राग होता. डावा नुसता उघडा होता, न मिटणारा, आणि मला भीती वाटली ती त्या डाव्याची. मग पदर डोक्यावरून मागे टाकलास, कमरेला खोचलास, सुनंदाचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवलास आणि उघड्या तोंडाने निघालीस. सगळा बोंबील बांबूंच्या वलांडीवर सुकायला टाकून दिलास आणि लिलावात दुसऱ्याच्या होडीचा जिताडा उचललास. नवऱ्याचा मासा सोडून. मला तो अपमान वाटला. मी मूर्ख.

आता जे सांगितलं नाही ते. मी तुझ्या मागून आलो होतो. बर्फाचा टेम्पो उभा राहतो ना, त्याच्या मागे उभा होतो. तुझ्या इज्जतीसाठी आलो नव्हतो, खोटं कशाला लिहू. लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायला आलो होतो. मला लाज वाटत होती तुझ्या तोंडाची. चाळीस वर्षं जे तोंड बघून जेवलो त्याची.

तू जिताडा दोन हातांनी वर धरलास आणि ओरडलीस, "जिताडाऽऽ!" खाडकन. टेम्पोतला बर्फवाला वळून बघायला लागला. एक मास्तरीणबाई आल्या, म्हणाल्या, मावशी बोंबील नाही? तू मान हलवलीस आणि हौसाकडे बोट केलंस. हौसाने बोंबील घालता घालता तोंड वाकडं करून म्हटलं, "व्हय बाई, ओंईल घ्या ओंईल!" आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. मी टेम्पोमागून निघायला पाहिजे होतं. पाच पावलं होती. नाही निघालो. तू मात्र हौसाला म्हणालीस, "तुजं सरळ तोंड हाय ना गो, मग आवाज का वाकडा काढतेस?" आणि पायाने फळा हातभर मागे लोटलास.

महिनाभर तू जिभेचे मासे विकलेस. मग होड्या किनाऱ्याला लागल्या, पावसाळ्याची बंदी आली, आणि तू नसेच्या मागे लागलीस.

दवाखान्यात ती व्यायाम शिकवणारी पोरगी होती, सुनंदाच्या अर्ध्या वयाची. तिने तुला आरसा दिला. म्हणाली, ओठांभोवती गोल स्नायू असतो, बटव्याच्या नाडीसारखा. ती नाडी ओढायला शिकायचं. जोर करायचा नाही, घाई करायची नाही. "ओठ मिटा, वारा कोंडा, सोडा." आणि म्हणायला शब्द दिले. पाव, बटाटा, पगार.

तू म्हणालीस, "मी काय वान्याच्या दुकानात बसते? मला माशे दे."

पोरगी हसली. म्हणाली, "बरं, मासे म्हणा. आजोबांचं नाव काय?"

मी म्हटलं, "बाबू."

"वा, दोनदा ओठ मिटतात. रोज वीस वेळा आजोबांचं नाव घ्या."

तू आरसा खाली ठेवलास. "बाय, तोंड वाकडं झालंय. रीत न्हाय झाली वाकडी."

ते तीन महिने, चांगुणे. माफी मागायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी तुझ्यासोबत व्यायामाला बसलो. तुला कळलं होतं का? ओसरीवर आरसा टेकवायचा आणि दोन म्हातारी तोंडं त्यात. गाल फुगवा. तुझा डावा फुगायचा नाही, माझ्या पुढच्या दोन दातांच्या खिंडीतून वारा जायचा. दोघांचं मिळून एक तोंड धड नव्हतं. शीळ घाला. तोंडाचा चंबू करा. पोस्टमन कुंपणाशी आला, आपले दोन चंबू बघितले आणि पत्र न देताच गेला. दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन, "बाबा, तुम्ही दोघं ओसरीवर काय करता? गावातनं मला फोन येतात!" तू फोन घेऊन म्हणालीस, "पापलेट." म्हणजे 'हाहलेट' म्हणालीस. सुनंदा रडायला लागली आणि तू चिडलीस, "रडतेस कशाला? काल 'हा' पन येत नव्हता."

पहिला आला 'म'. आषाढात एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तू सहज म्हणालीस, "मांदेली." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तू परत म्हणालीस. मांदेली, मांदेली, मांदेली, सूप बाजूला ठेवून दहादा. दवाखान्यातली पोरगी म्हणाली होती तसंच झालं, 'म'ला ओठ नुसते टेकले की भागतं, 'ब'ला जरा धरावे लागतात, आणि 'प'ला वारा कोंडून फोडावा लागतो. श्रावण लागता बोंबील आला, ढिला, पण आला. पापलेट काही येईना. तू आरशाला शिव्या द्यायचीस. त्यातली ओठांची शिवी अर्धी राहायची, त्याने अजून चिडायचीस.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. मी पहिल्यांदाच जाळं लांब टाकलं आणि पापलेट आणलं, आठ नग, चांदीसारखे. पाटीत ठेवले. तू चष्मा घरी ठेवून गेलीस.

मी टेम्पोमागे.

तू बसलीस. पाटीवरचं फडकं काढलंस. एक पापलेट हातावर घेतलंस. ओठ मिटलेस. मला दिसत होतं, वारा कोंडलास, डावा गाल भोपळ्यासारखा फुगला, आणि गळला नाही. गळला नाही, चांगुणे! आणि मग सोडलास.

"पाऽऽपलेट!"

समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर थुंकी उडाली. त्याने पुसली आणि दोन घेतले. मग हौसा, तीच हौसा, पाटीवर दोन्ही हात आपटून ओरडली, "आला गो! बायचा 'पा' आला!" आणि आपला फळा उचलून स्वतःच बोटभर मागे घेतला. दुसऱ्या दिवशी परत पुढे आणला ते सोड.

पण तू फळ्याकडे बघितलं नाहीस. तू टेम्पोकडे बघितलंस. सरळ माझ्याकडे. म्हणजे तुला ठाऊक होतं! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मी तिथे उभा असतो ते. तू हसलीस, आणि हसताना तुझा डावा डोळा मिटला.

डॉक्टरने नंतर सांगितलं, नस परत उगवताना फाटे चुकतात, ओठांना जायचा धागा डोळ्याला जातो, म्हणून हसलं की डोळा मिटतो. होतं असं. ते बरोबरच असेल. पण त्या दिवशी डोळा नसेने मिटला की तू मला डोळा मारलास? सात वर्षं विचारीन म्हणत राहिलो. आता राहिलं.

दुसरा धागाही चुकला होता, लाळेचा. तो डोळ्याच्या पाण्याला लागला. जेवायला बसलीस की डाव्या डोळ्यातून धार. मी घाबरायचो आणि तू त्याचाही धंदा केलास. बाजारात बोंबलाची तळलेली तुकडी तोंडात टाकायचीस, डोळ्यातून पाणी यायचं आणि गिऱ्हाइकाला म्हणायचीस, "बघा ताई, चव अशी की रडू येतं." मुंबईहून आलेल्या बायका टोपली भरभरून न्यायच्या. अशा तोंडाची मला लाज वाटली होती. आता घास घेतला की माझ्या दोन्ही डोळ्यांतून येतं. माझ्या तर सगळ्या नसा जागच्या जागी आहेत.

तू गेलीस त्या दिवशी तुला हिरवं लुगडं नेसवलं. हनुवटीखालून फडकं बांधलं, ते मी बांधू दिलं. डावा डोळा नीट मिटलेला होता, उजव्यासारखाच, शांत. मग खांद्यावर घ्यायच्या आधी जावई तोंडावरून कापड ओढायला लागला.

मी म्हटलं, "तोंड झाकायचं न्हाय."

"मामा, बाजारातून न्यायचंय. बरं दिसत नाही."

"बाजारातून न्यायचंय म्हनूनच. तिनं वाकडं असताना झाकलं न्हाय. आता तर सरळ हाय."

कोणी तरी म्हणालं म्हाताऱ्याला बोलू द्या. तुला उघड्या तोंडाने बाजारातून नेलं, तुझ्या जागेवरून. पाट्या बंद होत्या. बायका उभ्या होत्या. हौसाचा फळा बरोब्बर आपल्या हद्दीत होता. मी मुद्दाम बघितलं.

खाडीवर नेलं. अग्नी मीच दिला. मडकं खांद्यावर घेऊन तीन फेरे मारले, मागे टाकलं, फुटलं. मग कोणी जाणतं माणूस म्हणालं, "बाबू, बोंब मार." आपली रीत. उलटा हात तोंडावर मारायचा आणि बोंब मारायची.

मी हात तोंडावर मारला. ओठ मिटले, उघडले. परत मारला. मिटले, उघडले. ओठ मिटा, वारा कोंडा, सोडा. आणि 'बों' निघाला, चांगुणे, आणि तो 'बों' तिथे थांबेचना. पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं.

"बोंबीऽऽल! बोंबील घ्या बोंबील! पापलेट घ्या! मांदेली घ्या!"

जावयाने दंड धरला. सुनंदा "बाबा, बाबा" करत पुढे आली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मी थांबलो नाही. बांगडा पुकारला, सुरमई पुकारली, कोलंबी पुकारली, ओठांचे सगळे मासे घेतले, एकही सोडला नाही. सगळ्यांदेखत, उघड्या तोंडाने. सात वर्षं टेम्पोमागे कोंडलेला वारा होता तो.

आणि बायका कुंपणाच्या पलीकडे थांबल्या होत्या ना, तिथून हौसाचा आवाज आला, खणखणीत,

"कशी दिलीस रं, बाबूभाऊ, पापलेट?"

मी म्हटलं, "मला न्हाय ठाऊक. मी निस्ती नावं बोंबलतो. भाव ती बोलते."

आधी हौसा हसली. मग सगळ्या बायका. मग सुनंदा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, तुझ्यासारखीच तोंड भरून. त्या खाडीवर अशी हसलेली माणसं कधी कोणी बघितली नसतील. धूर सरळ वर जात होता.

हौसा काल येऊन गेली. म्हणाली, जागा तशीच ठेवलीय, पाटी घेऊन ये. तर परवापासून बसतोय, बाप्या माणूस, बाजारात, बायकांच्या ओळीत. हसू देत बंदरावर. नावं मी बोंबलीन.

भाव तू बोल.